वीस इंची चाक आणि सासूबाईंची पाठ

आमच्या चाकण-चिखलीच्या पट्ट्यात गाड्या बनतात, पण अख्खी गाडी इथे कुणालाच कळत नाही. प्रत्येक घराला तिचा एकेक तुकडा कळतो. आमच्याच मजल्यावर बघा, समोरच्या घरी हॉर्न आहे, शेजारी वायरिंग, आणि जिन्यापलीकडचे नवराबायको दोघंही ब्रेकमध्ये. लग्न जमवतानासुद्धा मुलगा गिअरबॉक्सला आहे, पर्मनंट आहे, असं सांगतात आणि मुलीकडचे समाधानानं मान डोलावतात. मी सीट शिवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. नवरा चाकणला अलॉय चाकांच्या कारखान्यात, शेवटच्या तपासणीवर. म्हणजे गाडीत बसायची जागा माझी आणि जमिनीला टेकायची त्याची. मधल्या भानगडीत आम्हा दोघांनाही गती नाही.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. रंगवून, चकचकीत होऊन आलेलं चाक पांढऱ्या ट्यूबलाइटखाली त्याच्यापुढे येतं. हातात सुती मोजे घालून तो ते फिरवतो, तिरकं करून बघतो, आणि कुठे ओरखडा, पोचा किंवा सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं की चाक बाजूला काढतो. त्या छिद्राला ते पिनहोल म्हणतात, आणि रंगावरच्या चकचकीत थराला लॅकर. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्याची नजर कायम गुडघ्याच्या खाली. लग्नाला गेलो की हा नवरानवरीच्या आधी पार्किंग बघून येतो. सिग्नलला शेजारी गाडी थांबली की आत कोण बसलंय ते मी बघते, हा चाक बघतो. मग हळूच मला कोपरानं ढोसून सांगतो, हे आपल्याकडचं. हे सांगताना त्याच्या आवाजात जो आनंद असतो, तो माझ्या बढतीची बातमी ऐकतानाही नव्हता, आणि मी ते त्याला वेळोवेळी ऐकवलेलं आहे.

आमची स्वतःची गाडी मात्र छोटी आणि जुनी. तिला लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकची झाकणं, त्यातलं एक मोशीच्या चौकात कधीतरी गळून पडलं ते पडलंच. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांना चाकं पास करून देणारा माणूस रोज तीन झाकणांच्या गाडीतून कामाला जात होता. तो कधी कुरकुरला नाही. पण शनिवारी गाडी धुताना त्या झाकणांवरून तो जे फडकं फिरवायचा त्यात जीव नसायचा.

नवी गाडी घ्यायची ठरली ती मात्र चाकांसाठी नाही, सासूबाईंच्या पाठीसाठी. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्या छोट्या गाडीत त्यांना बसवणं बंदच झालं. वाकून आत शिरायचं आणि उतरताना खालून वर उठायचं, दोन्ही त्यांना जमेना. डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, घरात बसून राहू नका, फक्त धक्के बसू देऊ नका. चिखलीच्या खड्ड्यांत राहणाऱ्या माणसाला हा सल्ला म्हणजे पाण्यात उतरा पण भिजू नका असाच होता.

सासूबाईंना जायचं होतं एकाच ठिकाणी. चाकणपुढच्या खेडच्या पश्चिमेला, डोंगरात, त्यांची धाकटी बहीण राहते. ती इकडे येत नाही, कारण दारात गुरं आहेत आणि एसटीत पाऊल टाकलं की तिला उलट्या होतात. दोघी फोनवर बोलतात, तेही मावशी शाळेच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली तर, कारण रेंज तिथेच येते. ऑपरेशनच्या आधीपासून दोघींची भेट नव्हती. सासूबाईंनी आम्हाला कधी न्या म्हणून म्हटलं नाही. त्या भाजी निवडताना भाजीला सांगायच्या, धाकटीला एकदा बघून यायला पायजे. मी ते ऐकायचे आणि मनातल्या मनात दोघींची वयं मोजायचे.

म्हणून मोठी एसयूव्ही. उंच सीट, चढायला पायरी, पाय सोडून बसायला जागा. मी शोरूममध्ये गेले आणि आधी सीटचा फोम अंगठ्यानं दाबून बघितला, मग शिलाई उलटी करून बघितली. सेल्समनला वाटलं मला गाडी आवडली नाही. नवरा तोवर जमिनीवर उकिडवा बसला होता. मला वाटलं त्याचं काही पडलं. जाऊन बघते तर तो चाकासमोर बसून नुसता हसत होता.

ते चाक त्याचं होतं. म्हणजे त्याच्या कारखान्यातलं, त्याच्याच लाइनवरून निघालेलं, वीस इंची, पातळ काड्यांचं, अर्धं काळं आणि अर्धं चांदीसारखं. ते डिझाइन नवीन आलं तेव्हा कितीतरी महिने हा घरी येऊन त्याच्याबद्दलच बोलायचा. सेल्समननं सांगितलं की गाडी तीच, इंजिन तेच, सगळं तेच, फक्त चाक निवडायचं. अठरा इंची घ्या किंवा वीस. अठरा इंची समोरच्याच गाडीला होतं, जाड काड्यांचं, राखाडी, आणि खरं सांगायचं तर दिसायला अगदीच बावळट. ते दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्याचं होतं. नवऱ्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं पुठ्ठ्याचे दोन गोल कापले, एक अठरा इंचाचा आणि एक विसाचा, आणि हॉलच्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले. येणाऱ्याजाणाऱ्याला तो विचारायचा, कुठला चांगला दिसतो. आमच्या सोसायटीत याबद्दल दोन मतं नव्हती. ब्रेकवाले शेजारी म्हणाले, "राव, एवढी गाडी घेणार आणि चाक बारकं लावणार? उंटाला बकरीचे पाय लावल्यागत दिसंल." हॉर्नवाल्यांनीही विसाचीच बाजू घेतली. सासूबाईंनी अठराचा गोल भिंतीवरून काढून पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला, कारण तो अगदी बेताचा बसत होता.

माझा मात्र संशय वाढत चालला होता. चाकाचा कारभार मला या निमित्तानं थोडासा कळला होता. गाडीखाली जागा तेवढीच असते. तेवढ्या जागेत रिम मोठी केली की भोवतीचं रबर पातळ होतं, आणि खड्ड्यातला धक्का झेलायचं काम त्या रबराचं असतं. अठरा इंची रिमभोवती रबराची जाड भिंत राहते, वीस इंचीभोवती पट्टी. मी हे बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला, आता सस्पेन्शन इतकं सुधारलंय की फरक कळतच नाही. मी म्हटलं, तुला कळणार नाही, तुझी पाठ शाबूत आहे. त्यावर त्याच्या चेहऱ्यावर ते आलं जे कारखान्यातली माणसं अडचणीत सापडली की येतं. तो म्हणाला, चाचणी घेऊ.

चाचणी म्हणजे साधीसुधी नव्हे. शोरूमची मंडळी तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावरून एक चक्कर मारून आणतात, ती याला मान्य नव्हती. त्यानं नियम केले. दोन्ही गाड्या, एकच रस्ता, एकच वेग, तीच माणसं, त्याच जागांवर. आणि मुख्य म्हणजे आईला कुठली गाडी कुठली ते सांगायचं नाही. नाव झाकून माल द्यायचा आणि निकाल घ्यायचा. जो निकाल येईल तो सगळ्यांना मान्य. मला हे फार आवडलं. मी त्याच्याकडे कौतुकानंसुद्धा पाहिलं, जे मी सहसा करत नाही.

रस्ता शोधायची गरज नव्हती. तळवड्याहून चाकणकडे जाणारा आतला रस्ता आहे, कंटेनर आणि कंपनीच्या बसेस जाऊन जाऊन त्याचं जे झालंय ते चाचणीसाठी मुद्दाम केल्यासारखंच आहे. सेल्समनला आम्ही तो रस्ता सांगितला तेव्हा त्याचा चेहरा पडला. स्पाइन रोडनं जाऊ, तो फार छान आहे, असं तो दोनदा म्हणाला. नवरा म्हणाला, छान रस्त्यावर बैलगाडीसुद्धा छान चालते. रविवारी सकाळी निघालो. सेल्समन गाडी चालवायला, नवरा पुढे त्याच्या शेजारी, मागे मी आणि सासूबाई. ऑपरेशन झाल्यापासून गाडीत बसलं की त्या कलतात, म्हणून मी त्यांचा हात हातात धरून बसते. तसाच धरला.

पहिल्या गाडीत त्या काही बोलल्या नाहीत. समोर बघत बसल्या होत्या. पहिला खड्डा आला आणि त्यांच्या बोटांनी माझा हात असा आवळला की त्यांच्या काचेच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. चेहऱ्यावर मात्र काही नाही. दुसरा खड्डा, तिसरा खड्डा, दर खेपेला हात आवळायचा आणि सुटायचा. नवरा पुढून विचारत होता, आई बरं आहे ना. त्या म्हणायच्या, व्हय.

दुसऱ्या गाडीत बसलो आणि त्याच रस्त्याला लागलो, तर थोड्याच वेळात त्या बोलायला लागल्या. हिथं आमच्या मामाचं वावर व्हतं. ह्या कंपनीच्या जागी चिंचेचं झाड व्हतं, लई मोठं. तेच खड्डे येत होते, गाडी तशीच हलत होती, पण त्यांचा हात माझ्या हातात सैल पडलेला होता आणि दुसऱ्या हातानं त्या खिडकीबाहेरचं दाखवत होत्या. मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

शोरूमला परत आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कुठल्या गाडीत बरं वाटलं. सासूबाई जराही न थांबता म्हणाल्या, "पयली. पाळण्यात बसल्यागत वाटलं. दुसरीत जरा आदळतंय." नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मी माझं मनगट पाठीमागे नेलं. पहिली गाडी वीस इंची होती. तो मला म्हणाला, बघ, मी सांगत होतो, आणि हा काही माझा निकाल नाही, नियमानं आलाय.

नियमांत एक राहिलं होतं. गाडीत बसायच्या आधी त्यानं पहिल्या गाडीच्या चाकावरची धूळ खिशातल्या रुमालानं पुसली होती. दुसऱ्या गाडीच्या चाकाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मालाचं नाव त्यानं झाकलं, पण स्वतःचं तोंड झाकायचं विसरला. जिनं त्याला पाळण्यात वाढवलं तिचेच डोळे बांधून तो चाचणी घ्यायला निघाला होता. इतकं साधं त्याला कळू नये याचा मला राग आला आणि हसूही आलं.

दुपारी त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले आणि मनगट पुढे केलं. त्यावर बांगड्यांचे वळ होते. त्यांनी ते पाहिलं आणि मेथी निवडत राहिल्या. मी म्हटलं, आई, त्या गाडीत तुम्ही खेडच्या पुढे जाऊ शकणार नाही. मग ही गाडी आपण घेतोय कशाला? त्यांनी मेथीच्या आणखी दोन काड्या खुडल्या. मग म्हणाल्या, "त्यानं सारी उमर लोकांच्या गाड्यांची चाकं पुसली. एक जोड आपल्या दारात उभी ऱ्हावी वाटतं त्याला. मी आता किती फिरणार हाय? धाकटीचं काय, फोनवर बोलतो आमी."

मला रडू आलं. मी रडू आलं की चिडते, तशी चिडले. म्हटलं, मी त्याला आत्ता जाऊन सांगते. तर त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, सांगशील तर माझ्या गळ्याची आन हाय तुला. झालं. आता माझं तोंड बांधलं गेलं. बाहेर हॉलमध्ये तो फोनवर कुणाला तरी सांगत होता की आईनंच पास केली, आईनंच. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात लावली. कुणी लक्ष दिलं नाही.

मग रात्रभर नाही, पण चहा होईपर्यंत मी विचार केला आणि मला वाट सापडली. ती मला त्याच्याच कारखान्यानं दिली. संध्याकाळी मी त्याला अगदी सहज विचारलं, तुमच्याकडे एकदाच मोजून माल पाठवतात का? तो म्हणाला, छे, पुन्हा मोजतात. मी विचारलं, त्याच माणसानं? तो म्हणाला, नाही, माणूस बदलतात, नाहीतर एकाची चूक दोन्ही वेळा येते. हे बोलून झाल्यावर तो थांबला, कारण आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. मी म्हटलं, मग आपणही माणूस बदलू. मी गाडी चालवते, तू आईशेजारी मागे बस. मी काहीच सांगितलं नव्हतं. शपथ शाबूत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा शोरूम, आणि पुन्हा आधी वीस इंची. सेल्समननं आम्हाला बघून हात जोडले, ते स्वागतासाठी होते की काय ते कळलं नाही. मी स्टिअरिंगवर बसले. एवढी मोठी गाडी मी पहिल्यांदाच चालवत होते आणि मला ती फारच आवडली, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी बसण्याची नवी मांडणी बघितली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आरसा उगाचच खालीवर करत राहिले. मग मी मागे न बघता नवऱ्याला म्हटलं, त्यांचा हात धरून बस, नाहीतर त्या कलतात, आणि सोडू नकोस.

आरशात मला दोघंही दिसत होते. सासूबाईंनी हात पदरात लपवला. त्यानं तो शोधून काढून धरला. तळवडं सुटलं, कंटेनरची रांग लागली आणि पहिला खड्डा आला. मी वेग कमी केला नाही, नियम तसाच होता. खड्डा गेल्यावर मी आरशात पाहिलं. तो आईकडे बघत होता. त्या समोर बघत होत्या, चेहरा अगदी शांत. दुसऱ्या खड्ड्याला त्यानं खाली, हातांकडे पाहिलं. त्यानंतर त्यानं दुसरा हातही वर ठेवला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि पुढचा सगळा रस्ता तो खिडकीतून बाहेर बघत बसला. सेल्समन माझ्या शेजारी बसून म्युझिक सिस्टीम समजावून सांगत होता, त्याला मी मान हलवत होते.

दुसऱ्या गाडीतून परत येईपर्यंत सासूबाईंची चिंच आणि मामाचं वावर पुन्हा एकदा झालं. या वेळी तो ऐकत होता आणि मध्येच प्रश्न विचारत होता. शोरूमला उतरल्यावर त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, कुठली बरी. त्या म्हणाल्या, पयलीच, पाळण्यागत. त्यानं मान हलवली. मग तो पहिल्या गाडीकडे गेला आणि चाकासमोर उकिडवा बसला. अंगठा काडीवरून हळूहळू फिरवला, मग दुसऱ्या काडीवरून. बराच वेळ बसला होता. माझा जीव त्याच्यासाठी तुटत होता. तेवढ्यापुरतं मला वाटलं, मरू दे ती पाठ, याला देऊन टाकूया ते चाक.

तो उठला, गुडघे झटकले आणि सेल्समनला म्हणाला, "याच्या लॅकरमध्ये पिनहोल आहे. मी हे चाक पास करणार नाही. अठरा इंची द्या." सेल्समन गडबडला. दुसरी गाडी दाखवतो, दुसरा सेट मागवतो, असं म्हणायला लागला. हा म्हणाला, नको, तो दोष त्या डिझाइनमध्येच आहे, मला माहिती आहे. इतक्या ठामपणे म्हणाला की मीसुद्धा क्षणभर फसले.

दोघं कागद करायला आत गेले तेव्हा मी त्या चाकापाशी जाऊन बघितलं. मी काही तपासणीवाली नाही, पण शिलाईतला सुटलेला एक टाका मला लांबून दिसतो. मी काडीन् काडी बघितली, बोट फिरवून बघितलं. चाकात काही नव्हतं. सुंदर होतं ते. मागे वळले तर सासूबाई काठी टेकून माझ्या पाठीशी उभ्या होत्या.

"खोटं बोलायला कुठं शिकला ह्यो?" त्या म्हणाल्या.

"घरातच," मी म्हटलं.

त्यावर त्या हसल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग मला म्हणाल्या की तू लई चाबरी हायेस. हे त्यांनी माझं केलेलं सगळ्यात मोठं कौतुक, आणि मी ते अजून जपून ठेवलेलं आहे.

गाडी पाडव्याला आली. पूजा झाली, चाकांना हळदकुंकू लागलं आणि सासूबाईंनी प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं. एरवी दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पूजेत नवरा या लिंबांवरून भांडतो. लिंबाचा रस उडाला की लॅकर जातं असं त्याचं म्हणणं असतं, आणि एकदा तर त्यानं ब्रेकवाल्यांच्या भटजींशीच हुज्जत घातली होती. आज तो काही बोलला नाही. मला वाटलं, या बावळट चाकांचं त्याला काही पडलेलं नाही, जाऊ दे म्हणतोय. त्यानं गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे पेढे वाटायला वर गेले. माझा मोबाइल गाडीत राहिला म्हणून मी परत खाली आले, तर हा पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन खाली बसला होता आणि एकेक चाक पुसत होता. मला बघून म्हणाला, दुसऱ्या कारखान्याचं असलं म्हणून काय झालं, आता दारात आलंय. मी तिथेच त्याच्या शेजारी बसले आणि उरलेली दोन चाकं आम्ही मिळून पुसली.

त्याच आठवड्यात मावशीकडे निघालो. सासूबाई आदल्या दिवसापासून तयार होत्या. डिकीत त्यांची एक फुगलेली पिशवी होती, मला वाटलं बहिणीसाठी काही घेतलं असेल. चाकण सुटलं, खेड सुटलं, पश्चिमेला वळलो आणि रस्ता बारीक झाला. नवरा गाडी चालवत होता. पुढे खड्डा दिसला की तो लांबूनच वेग कमी करायचा, पुढची चाकं हळूच खाली उतरवायचा, मग मागची. सासूबाई सगळा रस्ता बोलत होत्या. हा ओढा, ती खिंड, ह्या वळणावर त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड अडकलं होतं, ते सगळं आलं. माझ्या हातात त्यांचा हात होता आणि मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. तो एकदाही आवळला नाही.

मावशी गोठ्याच्या दारात उभी होती. सासूबाई पायरीवर पाय ठेवून स्वतः उतरल्या. दोघी एकमेकींच्या समोर उभ्या राहिल्या आणि मला वाटलं आता गळ्यात पडतील. त्या पडल्या नाहीत. सासूबाईंनी धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या की केस सगळे पांढरे झाले की गं. मावशी म्हणाली, तुझे काय काळे हायेत व्हय. एवढंच. मग दोघी आत गेल्या आणि आमच्याकडे बराच वेळ कुणी फिरकलंच नाही. नवरा अंगणात उभा राहून गाडीकडे बघत होता.

जेवणं झाली. उन्हं कलायला लागली तशी मी म्हटलं, आई, निघूया, अंधाराच्या आत खेड गाठायला हवं. सासूबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. मावशीनं त्यांच्यासाठी खाट आणून ठेवली होती, वर जाड गादी. त्या म्हणाल्या, "तुमी जा. मी ऱ्हाते हिथं."

मला आधी कळलंच नाही. नवऱ्यानं विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, बघू, न्यायला यायची घाई करू नका. त्यानं गोळ्यांचं काढलं, तर डिकीतली फुगलेली पिशवी आत आली आणि तिच्यातून गोळ्या निघाल्या, पाठीचा पट्टा निघाला, लुगडी निघाली. इतक्या दिवसांची सगळी तयारी करून बाई निघाली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. नवरा लहान मुलासारखा हिरमुसला. वाकून पाया पडला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की गाडी झ्याक हाय रं तुझी.

परत निघालो तेव्हा दोघी बहिणी दारात उभ्या होत्या, एकमेकींचा हात धरून. वळणावरून त्या दिसेनाशा झाल्या. मला आनंद झाला होता आणि घर आता मोकळं वाटेल म्हणून वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. रस्ता तोच, खड्डे तेच. पुढे खड्डा दिसला की नवरा लांबूनच वेग कमी करत होता, पुढची चाकं हळूच उतरवत होता, मग मागची. मागची सीट रिकामी आहे हे मी त्याला सांगितलं नाही.